देवी आलेली गाडी

१९८६ साल. होळी तोंडावर आली होती आणि मी गच्चीवर गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातल्या होत्या. अकोल्याचं ऊन तेव्हाही मार्चमध्येच पायाला चटके द्यायचं. शेजारच्या कोकिळाबाई बोचरे त्यांच्या गच्चीवर मिरच्या पसरत होत्या. ते आभाळ आधी त्यांनी पाहिलं.

"कुमुदबाई, पाहा वो, बोरगावकडून काय येऊन राह्यलं!"

काळं नव्हतं ते, हिरवट होतं. वाऱ्याचा एक झोत आला आणि कोकिळाबाईंच्या मिरच्या माझ्या गच्चीवर आल्या. मी खाली वाकले तोच पहिली गार माझ्या मनगटावर बसली. लिंबाएवढी. मी जुन्या लुगड्याची चारी टोकं गोळा केली, कुरडयांचं गाठोडं पोटाशी धरलं आणि जिना उतरले. एकही कुरडई मागे राहू दिली नाही. ओसरीत येऊन मी दम खात उभी राहिले आणि स्वतःवर खूश झाले.

मग अंगणातला आवाज ऐकू आला. कुणीतरी एकाच वेळी दहा पराती बडवाव्यात तसा. आमची गर्द निळी फियाट अंगणात उघड्यावर उभी होती.

एरवी ती त्या वेळी घरी नसायचीच. आमचे हे, दत्ताजी म्हैसने, एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाचे ग्रेडर होते. रोज गाडीनं जायचे आणि गाडी तिथल्या पत्र्याखाली लावायचे. पण दिवाळीपासून त्यांनी पायी जायचं धरलं होतं. "चालणं तब्येतीला बरं," म्हणायचे. त्यामुळे गाडी घरी, आणि घरी पत्रा नाही.

गारा थांबल्यावर कोकिळाबाई भिंतीवरून डोकावल्या. "कुरडया वाचल्या न?"

"वाचल्या."

"आन् हे?" त्यांनी गाडीकडे हनुवटी केली. "घरात इतक्या गोधड्या हायेत तुमच्या. एक टाकाची न अंगावर."

खरंच सुचलं नव्हतं. मला काय किंवा त्यांना काय, आभाळ भरून आलं की वाळवण सुचतं. गाडी ही पुरुषांची वस्तू.

संध्याकाळी हे आले. गेटपाशीच थांबले. मी सांगितलं तसे गाडीजवळ गेले, बॉनेटवरून तळहात फिरवला.

"बसल्या का एकदोन?"

"एकदोन? अहो, चाळणी झालीय. टप पाहा, दारं पाहा."

त्यांनी टपाकडे पाहिलं आणि बॉनेटवरचा हात काढून घेतला. मला वाटलं, जिवाला लागलं. ती गाडी त्यांनी पोरासारखी सांभाळली होती. दर रविवारी स्वतः धुवायचे, मला फडकंसुद्धा लावू द्यायचे नाहीत. हाताच्या बांगडीचा ओरखडा उठेल म्हणायचे.

"कारंज्याला जायच्या आत नीट व्हायला पाहिजे," एवढंच म्हणाले. "पण जिनिंगमध्ये सीझनचा शेवट आहे. तूच बघ."

मी चकित झाले. "मी?"

"तूच. फक्त खड्ड्यांत लांबी, ती पुट्टी, भरू देऊ नकोस. लांबी भरून रंग मारला की वर्षात पोपडे निघतात. पत्रा ठोकूनच सरळ झाला पाहिजे."

कारंज्याचं असं होतं. आमची एकुलती एक वृंदा तिथे दिली होती. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. आदल्या महिन्यात आम्ही दोघं तिला भेटायला गेलो ते एस्टीनं, कारण हे म्हणाले होते, गाडीचा क्लच बरोबर नाही. आमच्या विहीणबाई दारातच म्हणाल्या होत्या, "गाडी पूजेला ठेवली का व्याह्यांनी?" आणि निघताना बजावलं होतं, "पोरीला पाडवा झाला की लगेच न्या. आठवा लागला की मी पाठवणार नाही. आणि एस्टीच्या धक्क्यांत तर मुळीच नाही."

ह्यांनी तेव्हा मान ताठ करून सांगितलं होतं, "मी स्वतः गाडी घेऊन येईन."

म्हणजे पाडव्याच्या आत गाडी दुरुस्त व्हायला हवी होती. नाहीतर विहीणबाईंच्या तोंडाला तोंड देणं आलं, किंवा पोर तिकडेच बाळंत होणं आलं.

जिनिंगमधला एक ट्रक ड्रायव्हर बोलावला आणि त्याच्या शेजारी बसून मी स्टेशनकडच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे रांग लागली होती. डॉक्टरांची अँबॅसेडर, सरकारी जिपा, एक लग्नाला आलेली पाहुण्यांची मोटार. इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ आला, माझ्या मागे पाहून म्हणाला,

"साहेब नाही आले?"

"मी आलेय."

"तसं नाही मॅडम. गाडीचं बोलायचं होतं."

"बोला ना."

तो ड्रायव्हरकडे वळला आणि त्याच्याशी बोलू लागला. पूर्ण टप कापून नवा बसवावा लागेल. माल मुंबईहून येईल. मी विचारलं, "कधी येईल?" त्यानं ड्रायव्हरला उत्तर दिलं, "सांगता येत नाही." ड्रायव्हर बिचारा मान खाली घालून म्हणाला, "मले काहून सांगता? गाडी बाईंची हाय."

दुसऱ्या ठिकाणी माणूस गोड होता. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. "काही ठोकायचं नाही, बाई. वरून अशी लांबी फिरवतो, घासतो, रंग मारतो. परवा आरसा घेऊन जा." मी चहा प्यायले आणि गाडी घेऊन परत आले.

तिसरं नाव कोकिळाबाईंनी सांगितलं. "जुन्या शहरात तुळशीराम कासार हाय. आधी घागरी बनवाचा. स्टीलचे भांडे आले, धंदा बसला, तं मोटारी ठोकाले लागला. हात सोन्याचा. पण एक सांगतो, तोंडाले लगाम नाही आन् वेळेले पत्ता नाही. रोज जाऊन त्याच्या उरावर बसल्याशिवाय गाडी मिळत नाही."

तुळशीराम चाळिशीचा, काळा, उघड्या अंगाचा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि खर्रा थुंकून म्हणाला,

"वयनी, ह्या गारा नोय. आभायातून कोणीतरी दुश्मनी काहाडली."

"होईल का?"

"होईल का म्हंता? माह्या बापानं पितळेचा हंडा ठोकला तं त्यात तोंड दिसे. हा तं निस्ता पत्रा हाय. सोमवारी घेऊन जा."

"नक्की सोमवारी?"

"तुळशीरामची जबान हाय."

सोमवारी गेले तर गाडी सोडली तशी उभी. तुळशीराम म्हणाला, "वयनी, मी सोमवार म्हणलो. कोणता ते म्हणलो होतो का?"

मग मी कोकिळाबाईंचा सल्ला मानला. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा स्वयंपाक आटोपला की सूप आणि तांदळाची पिशवी घेऊन सायकलरिक्षानं जुन्या शहरात जायचं, त्याच्या दुकानातल्या एका उपड्या डब्यावर बसायचं आणि तांदूळ निवडायचे. तांदूळ संपले की तूरडाळ. येणारी-जाणारी माणसं मला पाहून थबकायची. तुळशीराम ओरडायचा, "पाह्यता काय? मालकीणबाई हायेत गॅरेजच्या. पुढच्या आठवड्यापासून येथी भाजीबी मिळन."

पण काम सुरू झालं. बॉनेट त्यानं काढून घेतलं, आडवं धरलं आणि खालून लाकडी हातोडीनं हलके ठोके द्यायला लागला. एका हातात लोखंडी ठोकळा वरून धरायचा, दुसऱ्या हातानं खालून ठोकायचं. घागरीचंच काम ते. ठोका बरोबर पडला की आवाज भरीव यायचा, चुकला की भद्द. चारपाच दिवसांत मलाही तो आवाज कळायला लागला. मी सुपावरून मान न उचलता म्हणायची, "हुकला."

"वयनी, तुमी तांदूळ निवडा."

दुकानावरून विजेची एक तार गेली होती. तिचं प्रतिबिंब निळ्या पत्र्यावर पडायचं. खड्डा असेल तिथे तार मोडलेली दिसायची, सरळ झाला की तार सरळ. बॉनेटवरची तार हळूहळू सरळ होत गेली. त्यात मला कुरडई सुकल्यासारखा आनंद व्हायचा. घरी जाऊन मी ह्यांना सगळं सांगायची. रात्री जेवणानंतर मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. ते खाटेवर पडून ऐकायचे. हीसुद्धा त्या हिवाळ्यातली नवी सवय होती, आणि मला ती फार आवडली होती. इतक्या वर्षांत आम्ही एवढं बोललोच नव्हतो. पेपर झाला की गाडीची बातमी.

बॉनेट झालं आणि तुळशीरामनं टपाला हात घातला. आतलं कापड सोडवलं. मग खडू घेतला आणि टपावरच्या प्रत्येक खड्ड्याभोवती एक वर्तुळ काढलं. "आता हे एकेक पुसत जायचं," म्हणाला. निळ्या टपावर पांढरी वर्तुळंच वर्तुळं. दारांवरही. रस्त्यानं जाणारी पोरं हसायची. दिवाळीत म्हाताऱ्या शेणसड्यावर ठिपके काढतात तशी गाडी दिसत होती.

"ह्यांना एकदा आणते," मी म्हणाले. "बॉनेट पाहून खूश होतील."

"आणा न. साहेबांच्या तोंडून वाहवा ऐकू द्या जरा. तुमी तं निस्तं हुकला, हुकलाच करता."

रविवारी मी ह्यांना घेऊन गेले. भर दुपारची वेळ, लख्ख ऊन. गाडी दुकानाबाहेर उभी होती. बॉनेट बसवलेलं होतं. ह्यांनी चपला सावरत जवळ जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला आणि इकडून तिकडे हळूच नेला. मग बोटांची टोकं. कापूस पाहायचे तसंच. मूठभर कापूस घ्यायचा, चिमटीनं ओढायचा, तंतूची लांबी बोटांना कळते. सगळ्या जिनिंगमध्ये त्यांच्या बोटांचं नाव होतं.

"वा," ते म्हणाले. "एक खड्डा नाही. हात चांगला आहे तुझा, तुळशीराम."

तुळशीराम फुलला. माझ्याकडे पाहून त्यानं भुवई उडवली.

मग ह्यांनी दोन पावलं मागे घेतली, कमरेवर हात ठेवले आणि टपाकडे, दारांकडे पाहिलं. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि म्हणाले,

"टपही मस्त झालाय. दारंही. अगदी आरशासारखं. आता रंगाला घ्यायला हरकत नाही."

तुळशीरामचा चेहरा पडला.

"साहेब," तो म्हणाला, "टोमणे नका मारू. मानूस एकटा हावो मी. वयनीले विचारा, दिवसभर मान वर नाही करत. देतो न बुधवारी."

ह्यांच्या चेहऱ्यावर मला कधी न दिसलेली गोष्ट दिसली. ते हसले, पण कोणत्या बाजूला हसायचं ते त्यांना कळलं नाही.

"गंमत केली रे," ते म्हणाले.

"डेंजर गंमत हाय बा तुमची," तुळशीराम म्हणाला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

मी सूप उचललं. रिक्षा बोलावली. रिक्षात बसताना ह्यांनी पायरी पायानं चाचपली. आता मला सगळंच दिसायला लागलं. पायी जाणं. क्लचचं निमित्त. पेपर. 'तूच बघ.'

घरी आल्यावर मी त्यांना पाणी दिलं. पेला हातात नीट गेला हे पाहून मग मी म्हणाले, "टपावर खडूची वर्तुळं होती."

ते पाणी प्यायले. पेला खाली ठेवला.

"किती?"

"सगळीकडे. अंगाला जागा नाही."

"मग तुळशीरामला काय वाटलं?"

"तुम्ही टोमणा मारला असं वाटलं."

त्यांना हसू आलं. खरं हसू. पोट धरून हसले, मग डोळे पुसले, मग पुसतच राहिले. मी शेजारी बसले.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून. आधी दूरचं गेलं. धुक्यातून पाहिल्यासारखं. दिवे फुटल्यासारखे दिसतात."

"मोतीबिंदू असेल. ऑपरेशन करतात त्याचं. कोकिळाबाईंच्या सासऱ्यांचं नाही का झालं?"

"माझ्या वडिलांचंही झालं होतं," ते म्हणाले.

मामंजींना मी पाहिलं होतं ते बाजेवर बसलेले, कोण आलं ते पावलांवरून ओळखणारे. ऑपरेशननंतर त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. तो जुना काळ होता, गावात तंबू ठोकून डोळे कापायचे.

"आणि जिनिंगमध्ये?"

"कापूस मला बोटांनी दिसतो. पिवळी कवडी, म्हणजे किडका डागी कापूस, किती आहे तेवढी दिसत नाही. ती मी हमालाला विचारतो. त्याची परीक्षा घेतोय असं दाखवतो. तो बिचारा मन लावून सांगतो." थोडं थांबून म्हणाले, "पक्का ग्रेडर झालाय तो."

"आणि कारंज्याला? कारंज्याला तुम्ही गाडी चालवणार होतात?"

"रस्ता पाठ आहे मला. मूर्तिजापूरपर्यंत सरळ, मग उजवीकडे."

"रस्ता पाठ आहे. समोरून येणारी एस्टी पाठ आहे का?"

त्यांनी रिकामा पेला चाचपून बाजूला सरकवला.

"वृंदा शेजारी असणार होती," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, मी तो खाली आणला. "आपण त्या ट्रक ड्रायव्हरला नेऊ."

"ने," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. "मग तो जिनिंगमध्ये सांगेल, साहेब मागच्या सीटवर बसून गेले. दुसऱ्या दिवशी मालक विचारतील, का बसले. आणि विहीणबाई विचारतील ते वेगळंच."

बाहेर कोकिळाबाई कुणाला तरी हाका मारत होत्या. मला ह्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी मला आठवत होतं की ह्यांनी त्या बॉनेटवर हात किती हळू फिरवला होता.

"मग मी चालवते," मी म्हणाले.

ते वळले. "काय?"

"गाडी. मी चालवते. तुम्ही शेजारी बसा. पुढच्या सीटवर."

"अगं, तुला सायकल येत नाही!"

"म्हणजे वाईट सवय तरी लागलेली नाही. आणि आता ओरखड्याची काय भीती? चाळणी तर झालीच आहे."

"पाडव्याला दिवस किती राहिले?"

"ते मोजू नका. पण एक कबूल करा. वृंदा घरी आली की तुम्ही डोळे दाखवायचे."

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. मग म्हणाले, "तू आधी गिअर टाकून दाखव."

दुसऱ्या दिवशी मी तुळशीरामकडून गाडी परत मागितली. तो असा संतापला की खर्रा गिळला असता.

"अर्धा हंडा कोणी नेते का वयनी? टप तसाच हाय! लोक काय म्हंतीन? तुळशीरामनं गोल काढून देल्ले?"

"परत आणीन ना."

"कोणी आणत नाही. साहेब रागावले न? मले मालूम हाय, ते गंमत नोय ते."

मी शपथेवर सांगितलं की साहेब रागावलेले नाहीत. त्यानं फडकं घेऊन वर्तुळं पुसली, कुरकुरत, एकेक करून, जणू ती त्याची कमाई होती.

शिकाऊ लायसन काढलं. कायद्यानं शेजारी लायसनवाला माणूस लागतो. तो होता. त्याला दिसतं का, हे कायद्यानं विचारलं नाही.

जिनिंगचा सीझन संपत आला होता. ज्या आवारात हिवाळ्यात कापसाच्या गंज्या डोंगरासारख्या उभ्या असायच्या, ते आवार संध्याकाळी मैदानासारखं रिकामं व्हायचं. इकडे तिकडे बोंडांची टरफलं आणि उडणारा कापूस. ट्रक ड्रायव्हरनं गाडी तिथल्या पत्र्याखालीच आणून लावली होती, आणि तिथे आम्ही जायचो. पाहणाऱ्याला वाटे, साहेब बायकोला गाडी शिकवतायत. तेच खरंही होतं.

हे कानानं शिकवायचे. डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "इंजिन काय म्हणतंय ऐक. ओरडतंय ना? मग बदल. नाही, अजून नाही. आता." स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा होता. तो मला पहिले दिवस खिचडीतल्या डावासारखा वाटायचा, कुठेही फिरवा. गाडी धक्के खायची, बंद पडायची.

"हुकला," हे म्हणायचे.

"तुम्ही तांदूळ निवडा," मी म्हणायची, आणि आम्ही दोघं हसायचो.

हळूहळू गाडी माझं ऐकू लागली. क्लच कुठे उचलायचा ते टाचेला कळायला लागलं, पोळी कधी उलटायची ते हाताला कळतं तसं. एका संध्याकाळी मी आवाराच्या चारी बाजूंनी न थांबता फिरून आले. हे डोळे मिटूनच म्हणाले, "आता एकदाही चुकली नाहीस." मग म्हणाले, "चल, रस्त्यावर घे."

पाडव्यानंतर आम्ही निघालो. पहाटेच्या थंडाव्यात मूर्तिजापूरपर्यंत सरळ. समोरून एस्टी आली की मी सांगायची, "एस्टी." ते म्हणायचे, "ऐकू आली. डावीकडे हो, वेग तोच ठेव." रस्त्यातला प्रत्येक पूल, प्रत्येक वळण त्यांना खरंच पाठ होतं. त्यांनी रस्ता सांगितला आणि मी रस्त्यावर काय आहे ते पाहिलं. त्या दिवशी आम्हा दोघांचा मिळून एक ड्रायव्हर झाला होता.

कारंज्यात विहीणबाई दारात उभ्याच होत्या. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हात कमरेवर. त्यांच्या मागे वृंदा, जड पावलांनी. विहीणबाईंनी गाडीकडे पाहिलं. निळा टप उन्हात चमकत होता आणि त्यावरचा प्रत्येक खड्डा वेगळा दिसत होता.

"अगो बाई," त्या म्हणाल्या. "गाडीला देवी आल्या होत्या का?"

"आल्या होत्या," मी दार उघडून उतरता उतरता म्हणाले. "आल्या आणि गेल्या. गाडी वाचली."

मी स्टिअरिंगच्या बाजूनं उतरले हे त्यांच्या मग लक्षात आलं. त्यांनी पलीकडून उतरणाऱ्या ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चालवली कोणी?"

"मी."

"अकोल्याहून?"

"अकोल्याहून."

वृंदानं तोंडाला पदर लावला. मी विहीणबाईंच्या पुढच्या टोमण्याची वाट पाहत उभी राहिले. तो आला नाही. आम्हाला आत नेलं, सरबत दिलं, ताटं वाढली. जेवण झाल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दाराआड घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"गुरुमंदिरापर्यंत नेता का मला?"

"चला ना. सगळेच जाऊ."

"सगळे नको." त्या जराशा घुटमळल्या. "आणि मला पुढे बसायचंय."

मी त्यांना नेलं. भर बाजारातून नेलं. त्यांनी काच पूर्ण खाली केली होती आणि ओळखीचं कोणी दिसलं की त्या मुद्दाम समोर पाहायच्या, म्हणजे त्यानं आपल्याला पाहावं. परत आल्यावर त्यांनी वृंदाची ओटी भरली आणि माझीही भरली. निघताना मागच्या सीटवर दोन उशा स्वतः रचून दिल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "व्याही, तुमच्यापेक्षा सावकाश चालवतात हो या. पुढच्या वेळीही यांनाच चालवू द्या."

"आता काय, तीच चालवणार," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात कुठेही काटा नव्हता.

जेठ महिन्यात वृंदाला मुलगी झाली. ह्यांनी तिला मांडीवर घेतलं, नाकावरून, कपाळावरून, कानांच्या पाळ्यांवरून बोटांची टोकं फिरवली. "पहिल्या प्रतीचा माल आहे," म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "घे तारीख डॉक्टरांची. हिचा रंग कुणावर गेलाय ते मी हमालाला विचारणार नाही."

ऑपरेशन नागपूरला झालं. आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. दोन्ही चांगली झाली. जाड भिंगांचा चष्मा आला. घरी परत आले तेव्हा मी गाडी अंगणात उभी केली आणि त्यांचं दार उघडायला वळसा घालून गेले. ते उतरले आणि टपावर हात ठेवून उभे राहिले. मान वाकडी करून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत होते.

"कुमुद," ते म्हणाले, "अगं, केवढ्या मोठ्या गारा होत्या!"

टप तसाच राहिला. तुळशीरामकडे पुन्हा न्यायची म्हणता म्हणता राहून गेली. हे दर रविवारी गाडी धुवायचे, फडकं प्रत्येक खड्ड्यात बोटानं फिरवायचे. आणि बांगडीच्या ओरखड्याचं नाव त्यांनी परत कधी काढलं नाही.

हे २००७ साली गेले, झोपेत. निवृत्त होईपर्यंत ग्रेडर होते आणि त्यांचा तो हमाल त्यांच्या जागेवर बसला. विहीणबाई नव्वदीपार जगल्या. मी कारंज्याला गेले की गाडीतून फेरीला निघायला त्यांची चप्पल आधीच दारात काढून ठेवलेली असायची. तुळशीरामनं पुढे हायवेला मोठं गॅरेज टाकलं, बोर्डावर इंग्रजीत नाव लावलं. मी त्या रस्त्यानं गेले की हात करून गाडी थांबवायचा आणि टपाकडे पाहून म्हणायचा, "वयनी, माही इज्जत घेऊन फिरता तुमी गावभर." चार वर्षांपूर्वी तोही गेला. कोकिळाबाई मुलाकडे पुण्याला आहेत, फोनवर अजून विचारतात की यंदा कुरडया घातल्या का. वृंदाची ती मुलगी आता स्वतः गाडी चालवते, माझ्यापेक्षा जोरात.

फियाट माझ्याकडेच आहे. चालत नाही, अंगणात असते. माझेही डोळे झाले, आताचं ऑपरेशन सोपं असतं, त्याच दिवशी घरी.

२०१४ साली मार्चमध्ये पुन्हा गारा आल्या. मी गच्चीवरच होते. आभाळ हिरवं झालं आणि मी कुरडया तिथेच टाकून जिना उतरले. घरातल्या होत्या तेवढ्या गोधड्या काढल्या आणि गाडीवर टाकत सुटले. कोकिळाबाईंच्या घरात आता राहणारी त्यांची नातसून भिंतीवरून ओरडत होती,

"आजी, आत व्हा! डोक्यात लागेल! ती गाडी तर आधीच खड्ड्यांची आहे!"

"म्हणूनच गं," मी ओरडले आणि शेवटची गोधडी टपावर ओढून घेतली.